वेशीवरचा फलक आणि ‘बाहेरचा’ माणूस

रविवारी मळवली स्टेशनवर उतरणारी गर्दी लोहगड, विसापूर, भाजे लेण्यांकडे निघते. कोणी गड चढायला, कोणी लोहगडावरच्या दर्ग्यात फातिहा पढायला. मळवलीचा रहिवासी असल्याचा दाखला कोणी मागत नाही.

शेजारच्या मुळशी तालुक्यात २०२५ मध्ये वेगळंच घडलं. पौडला मूर्तीच्या विटंबनेची घटना झाली आणि त्यानंतर घोटावडे, पिरंगुट अशा गावांत फलक लागले: जुम्याच्या नमाजला फक्त स्थानिक मुस्लिमांनीच यावं. आता पिरंगुट म्हणजे कारखान्यांचं गाव. तिथे शिफ्ट करणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा, पण आधार कार्ड दुसऱ्या गावचं असलेला कामगार स्थानिक की बाहेरचा? हे ठरवणार कोण?

देश आपल्या सीमेवर व्हिसा मागतो, ते समजू शकतं. परदेशी माणसाला भारतात शिरण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. पण नागरिकाचं तसं नाही. संविधानाच्या कलम १९ नुसार त्याला देशात कुठेही फिरण्याचा, राहण्याचा हक्क आहे. त्यावर बंधन घालायचं तर कायदा लागतो, आणि ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. मायकल वॉल्झर हा अमेरिकन विचारवंत देशाच्या सीमांच्या बाजूने बोलतो, पण त्याचंही म्हणणं असं की देशाला सीमा असते म्हणूनच आतल्या वस्त्या खुल्या राहू शकतात. इथे तर प्रत्येक वेशीवर नाका!

असा फलक दिसला तर वाद घालत बसू नका. माहिती अधिकारात ठरावाची प्रत मागा, गटविकास अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा.

मात्र एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. माणसाला बाहेर काढणं आपल्याकडेही चालतं. दाऊदी बोहरा समाजातल्या बहिष्काराचा वाद जुना आहे. १९४९ चा मुंबईचा बहिष्कारबंदी कायदा सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये रद्द केला. धर्मसंस्थेला आपली शिस्त राखता आली पाहिजे, असं तेव्हा मानलं गेलं. २०२३ मध्ये हा प्रश्न पुन्हा नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला गेला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो फक्त जातपंचायतींपुरता आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही, एका धर्माच्या लोकांचा समूहही त्यात येतो. जमातीने एखाद्या घराला मशिदीत येऊ दिलं नाही किंवा कब्रस्तानात जागा नाकारली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही.