बेडूक आणि सरडा: ओळख आणि सांभाळ

बेडूक आणि सरडा यांच्यातला मुख्य फरक कातडीत आहे. सरडा, पाल, घोरपड हे सरपटणारे प्राणी. अंगावर कोरडे खवले, बोटांना नख्या. बेडूक उभयचर. त्याची कातडी ओलसर, खवल्यांविना. पुढच्या पायांना बोटे चारच. शेपटीवर मात्र विसंबू नये. दार्जिलिंगच्या डोंगरांतला सॅलॅमँडर थेट पालीसारखा दिसतो, पण खवले नसलेला हा प्राणी बेडकाचाच भाऊबंद.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या नि मांड्यांच्या कातडीतून ते शोषतो. त्यामुळे पाण्यात जे असेल ते सरळ त्याच्या अंगात जाते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन दिवसभर उघड्या भांड्यात उडून जातो, क्लोरामाइन जात नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानातले औषध लागते. साबणाचा, क्रीमचा किंवा डासांच्या मलमाचा हात त्याला लावू नये. खरे तर बेडूक हाताळण्याचा प्राणीच नव्हे. ऑस्ट्रेलियातला गुबगुबीत हिरवा 'व्हाइट्स ट्री फ्रॉग' झाडावर राहणारा, म्हणून त्याला उंच टाकी, चढायला फांद्या, दमट हवा आणि २४ ते २८ अंश तापमान लागते. तो कात टाकून ती स्वतःच खातो, हे पाहून नवखे पाळणारे घाबरतात. काळजीचे कारण नाही.

त्याच देशाच्या कोरड्या अंतर्भागातल्या 'बिअर्डेड ड्रॅगन' सरड्याची गरज उलटी. टाकीच्या एका टोकाला ४० अंशांच्या आसपास ऊब, दुसऱ्या टोकाला सावली. शिवाय अतिनील-बी किरणांची ट्यूब. हे किरण नसतील तर ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, जबडा सुजतो, पाय वाकडे होतात. काचेतून आलेले ऊन इथे कुचकामी. ट्यूबचा उजेड टिकला तरी हे किरण आधीच मंदावतात, म्हणून ती मुदतीत बदलावी. या दोघांना एका टाकीत ठेवणे म्हणजे एकाला तरी आजारी पाडणे.

खाद्यातले कीटक जिवंत हवेत, कॅल्शियमची पूड लावून. कीटक प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. काजवा तर चुकूनही नको, एका काजव्यानेही ड्रॅगन दगावू शकतो.

दोघांच्याही अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना ते हाताळू देऊ नयेत, टाकी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये.

घोरपड पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गंभीर गुन्हा आहे. रानातून इतर बेडूक-सरडेही धरून आणू नयेत. ग्रीन इग्वानासारख्या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबतच्या 'साइट्स' करारात नाव असलेल्या परदेशी प्राण्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते.

पाळलेला बेडूक कंटाळा आला म्हणून ओढ्यात सोडणे सर्वांत घातक. कायट्रिड बुरशीने जगभरात उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या घटवल्याचे २०१९ च्या एका अभ्यासात मांडले गेले, आणि पाळीव बेडकांचा व्यापार हा तिच्या प्रसाराचा एक मार्ग. टाकीतले पाणीसुद्धा नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. आधी त्यात ब्लीच मिसळून ते निर्जंतुक करावे.