हिरकणीचे विष

तोरण्याच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलाला दगडांचे वेड लागल्याशिवाय राहत नाही. पावसाळा सरला की वेल्ह्याच्या ओढ्यातून, काळ्या पाषाणातून सुटलेल्या गारगोट्या उन्हात चमकू लागतात. लहानपणी अशीच एक लखलखीत गार मी तोंडात घातली, तेव्हा आजीने भाताच्या खाचरातून धावत येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला. “थुक मेल्या आधी! हिरकणी असली म्हंजे? आतडी कापून मरशील!”

त्या रात्री तिने मला गोष्ट सांगितली. राजा रणात पडला, शत्रू वाड्यात शिरला आणि राणीने अंगठीतला हिरा चाटून प्राण सोडला. पुढे कित्येक दिवस चमकता दगड दिसला की माझा हात आपोआप मागे येई. कॉलेजात आल्यावर मात्र प्रश्न पडला, हिरा खरोखर विष आहे काय?

रसायनशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. चुलीतला कोळसाही मुख्यतः त्याच मूलद्रव्याचा. पोटात गेलेला पदार्थ विषारी ठरायचा, तर तो विरघळून किंवा त्याचे विघटन होऊन रक्तात उतरावा लागतो. हिऱ्यावर जठरातील आम्लाचा काही परिणाम होत नाही. मोठी धारदार कपची गिळली तर काचेप्रमाणे इजा होईल. पण बारीक पूड जशी जाते तशीच बाहेर पडते, आणि नुसता चाटून तर काहीच होत नाही. आपल्या रसशास्त्रात हिऱ्याचे भस्म औषधातच घातलेले आहे. शिवाय आमचा सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यात गारगोटी सापडते, हिरा नव्हे. म्हणजे आजीची भीती दुहेरी निराधार!

पण ही समजूत केवळ आपल्याकडचीच होती असे नाही. सोळाव्या शतकातील इटालियन सुवर्णकार आणि शिल्पकार बेन्वेनुतो चेल्लीनी याने आपल्या आत्मचरित्रात एक प्रसंग सांगितला आहे. रोमच्या तुरुंगात असताना त्याच्या जेवणात चमकणारे कण आढळले. हिऱ्याची पूड घालून आपल्याला मारण्याचा बेत आहे, अशी त्याची खात्री झाली. परंतु ते कण सुरीने दाबताच चुरडले गेले. तेव्हा त्याने ताडले की, पूड करण्यासाठी दिलेला हिरा कारागिराने स्वतःच ठेवून घेतला आणि दुसराच हलका खडा कुटून दिला. त्या माणसाच्या लोभाने आपला जीव वाचला, असे चेल्लीनी मानत राहिला. खरा हिरा असता तरी बहुधा काही बिघडले नसते, हे त्याला कोण सांगणार?

खनिजांतील खरा मारेकरी निराळाच आहे, तो म्हणजे सोमल. दिसायला पांढरी पूड, रंगाची वा वासाची काही खूण नाही आणि हिऱ्यापुढे किंमत कवडीची. हरताळ आणि मनशीळ ही याच कुळातील खनिजे. दोन्हींत आर्सेनिक आणि गंधक यांचा संयोग असतो. जुन्या पोथ्यांत चुकलेले अक्षर झाकण्यासाठी लेखक पिवळा हरताळ लावीत. त्यावरूनच आपला ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. सोमल पेशींतील शक्तिनिर्मितीचे कामच बंद पाडतो. उलट्या, जुलाब, मग ग्लानी अशी त्याची लक्षणे पटकीसारखी असल्यामुळे पूर्वी कित्येक खून रोगाच्या नावावर खपून जात. १८३६ साली जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने अतिशय सूक्ष्म प्रमाणातील आर्सेनिक ओळखण्याची कसोटी प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे या चोराला पकडण्याचे साधन हाती आले.

कथेतले विष आणि खरे विष एकदा एकाच पेल्यात आले होते. तो पेला बडोद्याचा. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी तेथील रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले. चव बरी न वाटल्याने उरलेले ओतून दिले, तो पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत त्यात सोमल निघाला आणि त्याबरोबर हिऱ्याची पूड! संशय गेला मल्हारराव गायकवाडांवर. जानेवारी १८७५ मध्ये त्यांना कैद झाली आणि चौकशीसाठी सहाजणांचे मंडळ नेमले गेले. रेसिडेन्सीतील नोकरांच्या कबुलीजबाबांबरोबर जवाहिऱ्याचीही साक्ष झाली. महाराजांच्या बाजूने बॅलंटाइन हे नामांकित वकील विलायतेहून आले. शेवटी मंडळात दोन तट पडले. तिघा इंग्रज सभासदांना आरोप खरा वाटला. ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना तो सिद्ध झाला असे वाटले नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले, मात्र कारण दिले ते गैरकारभाराचे. त्यांना मद्रासला पाठविण्यात आले, आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा एक मुलगा बडोद्याच्या गादीवर आला. तेच पुढचे सयाजीराव महाराज.

ते विष कोणी घातले, यावर आजही वाद घालता येईल. पण घालणारा कोणीही असो, त्याने आजीची गोष्ट ऐकलेली होती, एवढे निश्चित! मारण्याचे सामर्थ्य सोमलात होते. हिऱ्याच्या पुडीचा उपयोग शून्य. ती पेल्यात पडली ती केवळ श्रद्धेपोटी. राजाच्या घरचे विषही राजाला शोभेसे मौल्यवान असले पाहिजे, असे आपल्या मनाला वाटते. कथेतील राणीने दोन पैशांच्या सोमलाने मरावे, हे आपल्याला रुचत नाही.

वाचकहो, या आवडीची किंमत मात्र आपणच मोजतो. बंगालमध्ये लाखो लोक वर्षानुवर्षे नळविहिरींचे नितळ पाणी प्याले. त्यात भूगर्भातील आर्सेनिक उतरले होते. ना त्याला चमक होती, ना चव. हातापायांवर डाग आणि चट्टे उठू लागले, तेव्हा १९८० नंतरच्या दशकात ते ध्यानात आले.

गेल्या सुट्टीत मी आजीकडे गेलो होतो. फडताळात मिठाच्या बरणीशेजारी उंदीर मारण्याच्या करड्या पुडीचे पाकीट उघडेच पडले होते. ती पूड झिंक फॉस्फाइडची. जे आम्ल हिऱ्याला शिवू शकत नाही, त्याच आम्लात या पुडीतून जीवघेणा वायू निघतो. मी ते पाकीट डब्यात बंद करून माळ्यावर ठेवले, तर आजी हसून म्हणाली, “त्याला काय व्हतंय? ते उंदराचं हाय!”

तिच्या पाठीत धपाटा घालणे मला शक्य नव्हते. मी तिच्याजवळ बसलो आणि या वेळी गोष्ट मी सांगितली.