मॉनिटर घेताना पॅनेल विचारा

मुलांसाठी घरी संगणक घ्यायचे ठरले की पालक दुकानात दोनच प्रश्न विचारतात. किती इंची आणि केवढ्याला? दुकानदारही खोक्यावरची 'एलईडी' ही अक्षरे दाखवून मोकळा होतो. पण एलईडी म्हणजे पडद्यामागचा दिवा. चित्र कसे दिसणार हे दिव्यापुढच्या पॅनेलवर ठरते.

टीएन पॅनेल जुन्या पद्धतीचे आणि सहसा स्वस्त. समोर बसणाऱ्याला ठीक दिसते. बाजूने, विशेषतः खालून पाहिले तर चित्र काळवंडते. आपल्या घरात एक मूल खुर्चीवर आणि दुसरे खाली चटईवर बसून तोच पडदा पाहते. खालच्याला काय दिसणार? आयपीएसमध्ये ही अडचण फार कमी. हिताची कंपनीने १९९६ च्या सुमारास ते बाजारात आणले, तेव्हा महाग होते. आज साध्या मॉनिटरमध्येही मिळते. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद, म्हणून सिनेमाला चांगले, पण बाजूने रंग फिकटतात. ओएलईडी महाग, शिवाय एकच चित्र तासन्‌तास राहिले तर डाग उमटू शकतो.

अभ्यास, टायपिंग, हिशेब यांसाठी २२ इंची, १९२० बाय १०८० चा आयपीएस पुरेसा आहे. दुकानात तो चालू करायला लावावा आणि खुशाल खाली वाकून, बाजूला सरकून पाहावा. पैसे आपले आहेत, लाजायचे कशाला? पडदा पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करून मेलेला ठिपका आहे का तेही तपासावे. पक्के बिल आणि वॉरंटी कार्डावर शिक्का घेऊनच निघावे.