आधी तोल, मग डाव

ज्युदोत माणूस पाडण्याचे तीन टप्पे मानतात. आधी त्याचा तोल मोडायचा, ही 'कुझुशी'. मग आपले अंग डावाच्या जागी न्यायचे, ही 'त्सुकुरी'. शेवटी प्रत्यक्ष डाव, तो 'काके'. बघणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो तो तिसरा टप्पा, आणि नवशिक्याची सगळी घाईही तिथेच पोचण्याची असते. जपानी युद्धकलांचा अभ्यास करायचा तर लक्ष पहिल्या टप्प्यावर हवे. बाकीचे सारे त्यावर उभे आहे.

जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एइशो-जी या देवळात, १२ चटयांच्या जागेत, कोदोकान ही शाळा सुरू केली. त्याआधी ते जुजुत्सूच्या दोन जुन्या परंपरा शिकले होते. तेन्जिन शिन्यो परंपरेत गळा आवळणे, सांधे पिरगाळणे, खाली दाबून धरणे यांवर भर होता. कितो परंपरा फेकीत तरबेज होती. कितोचे गुरू इइकुबो पन्नाशी उलटलेले, तरी कानोंना त्यांच्यापुढे टिकाव धरणे जड जाई. एके दिवशी सरावात मात्र कानोंचे डाव एकामागून एक लागत गेले आणि गुरूंचे लागेनात. कानोंची ताकद काही वाढली नव्हती. समोरच्याचा तोल कोणत्या बाजूला झुकतो हे हेरून ते आधी तो मोडत होते आणि मगच डाव टाकत होते. इइकुबोंनी ते मोकळेपणाने मान्य केले. यात शिष्याचे मोठेपण आहेच, गुरूचे त्याहून अधिक.

'ओ-सोतो-गारी' या डावात हे नीट दिसते. समोरच्याची उजवी बाही कोपराजवळ धरून खाली ओढायची आणि दुसऱ्या हाताने त्याची कॉलर धरून त्याला उजव्या बाजूने मागे रेटायचे. त्याचा सगळा भार उजव्या टाचेवर येतो. तो पाय आता जमिनीला खिळलेला असतो, उचलता येत नाही. आपला उजवा पाय त्याच्या बाहेरून मागे नेऊन झाडला की तो पाठीवर पडतो. टाच खिळायच्या आत पाय झाडला, तर एका पायावर उभे आपणच असतो आणि तोच डाव आपल्यावर उलटतो.

डावाला तोड आणि तोडीवर पुन्हा डाव, अशीच ही विद्या वाढली. कानोंचा आवडता डाव 'उकी-गोशी', म्हणजे समोरच्याला कमरेवरून फिरवून टाकणे. त्यांचा शिष्य शिरो साइगो कमरेला वळसा घालून पलीकडे उडी मारू लागला. मग कानोंनी कमरेबरोबर पायही आडवा घातला आणि पलीकडे जाणारे पाय झाडून काढले. तोच 'हराई-गोशी'. १९२० साली कोदोकानने ४० फेकी पाच गटांत लावल्या, त्यांत हे दोन्ही डाव आहेत.

तोलाच्या जोडीला वेळ साधावी लागते. १६४५ साली पुरा झालेल्या 'गोरिन नो शो' या ग्रंथात मियामोतो मुसाशी या तलवारबाजाने पुढाकाराचे तीन प्रकार सांगितले आहेत: आपण आधी चालून जाणे, तो चालून येत असताना त्यावर मात करणे, आणि दोघेही एकाच वेळी निघालेले असताना वरचढ ठरणे. ही समज अंगात मुरावी म्हणून 'काता', म्हणजे ठरलेल्या क्रमाने जोडीने करायचे सराव, असतात. 'नागे-नो-काता'मध्ये १५ फेकी, प्रत्येक उजवीकडून आणि डावीकडून. काता म्हणजे पाठ केलेली कवायत, असे समजणे चुकीचे आहे. पडणारा खरोखर ढकलतो, खरोखर ठोसा उगारतो. त्याच्या जोराला कोणत्या दिशेने वाट द्यायची, हेच तिथे शिकायचे असते. तो जोर लटका असेल तर काता पोकळ होते.

नागपूरच्या आखाड्यात वाढलेल्या पहिलवानाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. खडाखडीत मानेवर हात टाकून, मनगट खेचून समोरच्याचा पाय पुढे यायला लावणे ही कुझुशीच आहे. धोबीपछाड आणि 'सेओइ-नागे', दोन्हींत माणूस खांद्यावरून येतो. फरक पकडीत आणि निकालात आहे. ज्युदोत जाड सुती अंगरख्याची बाही आणि कॉलर हाताशी असतात. कुस्तीत उघड्या, मातीने माखलेल्या अंगावर पकड बसवावी लागते. ज्युदोत वेगाने, जोरात, पाठीवर नेमकी फेक बसली की लढत तिथेच संपते. कुस्तीत खाली घेतल्यावरही खांदे टेकवायचे उरतात, म्हणून बैठ्या कुस्तीला वेगळीच रग लागते.

या दोन परंपरा हेलसिंकीत समोरासमोर आल्या. १९५२च्या ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशी यांच्याशी लढले. इशी मूळचे ज्युदोचे. युद्धानंतर अमेरिकी अंमलात ज्युदोवर बंदी आली, तेव्हा ते कुस्तीकडे वळले होते. लांबलेल्या त्या लढतीत खाशाबा गुणांवर हरले आणि पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्यासमोर उभे राहावे लागले. सुवर्ण इशींना, रौप्य मम्मदबेयोव्ह यांना आणि कांस्य खाशाबांना मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

कुस्तीतून ज्युदोकडे येणाऱ्याला आधी पडायला शिकावे लागते. आखाड्याची भुसभुशीत माती अंग झेलते, चटई तेवढी झेलत नाही. हनुवटी छातीशी, पाठ गोल आणि हाताचा तळवा ते कोपर एकदम जमिनीवर आपटणे, हा 'उकेमी' जमल्यावर वस्ताद त्याला पहिली फेक शिकवतो.