विमानांतील खुर्चीचा हिशेब

लांबच्या प्रवासास निघालेला गृहस्थ विमानांत पाऊल ठेवतो, हातांतील चिठ्ठीवरचा आंकडा पाहतो आणि आपली जागा शोधूं लागतो. ती खिडकीजवळ निघाली तर त्यास आनंद होतो. चार खुर्च्यांच्या मधोमध निघाली, तर पुढील नऊ तास कोणाचें कोंपर कोणास लागणार, ह्याची चिंता पडते. ही सारी मांडणी विमान बांधणाऱ्या कारखान्यानेंच ठरवून दिली असली पाहिजे, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः तसें नाहीं. कारखाना विमानाचें कवच, पंख व दारें देतो. आंत किती वर्ग असावेत, एका रांगेंत किती खुर्च्या असाव्यात आणि दोन रांगांत किती अंतर सोडावें, हें विमान घेणारी कंपनी ठरविते. एअरबस कारखान्याचें ए-३३०-९०० हें एकच विमान घ्या. अमेरिकेच्या डेल्टा कंपनीनें त्यांत २८१ खुर्च्या मांडल्या. फिलिपाइन्सच्या सेबू पॅसिफिकनें ४५९. विमान तेंच, पंख तेच, पण हिशेब निराळा. हा हिशेब कसा होतो, तें पाहण्यासारखें आहे.

प्रथम, रुंद विमान म्हणजे काय? ज्या विमानांत मधून ये-जा करण्याची एकच वाट असते, त्यांत वाटेच्या प्रत्येक बाजूस तीनांहून अधिक खुर्च्या मांडूं नयेत, असा नियम आहे. त्यामुळें खिडकीजवळच्या माणसास वाटेवर येण्यास दोघांहून अधिकांस ओलांडावें लागत नाहीं. अर्थात् अशा विमानाची रांग सहा खुर्च्यांवर थांबते. अधिक माणसें न्यावयाचीं तर विमान लांबच लांब करावें लागतें, किंवा दुसरी वाट काढावी लागते. दोन वाटांचें विमान तेंच रुंद विमान.

ही दुसरी वाट प्रथम बोइंग ७४७ नें पाडली. पॅन अमेरिकन कंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप यांस तत्कालीन ७०७ च्या दुपटीहून मोठें विमान हवें होतें, आणि १९६६ सालीं त्यांनीं अशा २५ विमानांची मागणी नोंदविली. प्रारंभीं दुमजली पण अरुंद विमानाची कल्पना पुढें होती. मुख्य अभियंते जो सटर यांच्या मंडळीनें ती सोडून एकाच प्रशस्त मजल्याचा रुंद देह पत्करला. दोन मजल्यांवरून माणसें झटपट बाहेर काढणें अवघड होतें. शिवाय आठ फूट रुंदीच्या मालाच्या दोन पेट्या शेजारीं शेजारीं राहाव्या, अशीही योजना होती. ध्वनीहून वेगवान विमानें लवकरच उतारू नेऊं लागतील आणि ह्या धिप्पाड विमानास माल वाहण्याचेंच काम उरेल, असें त्या काळच्या जाणत्यांस वाटत होतें. तें भाकीत खोटें ठरलें. परंतु मालाच्या पेट्यांनीं ठरविलेली सुमारें वीस फुटांची रुंदी माणसांच्या उपयोगी पडली. जानेवारी १९७० मध्यें हें विमान न्यूयॉर्क व लंडन यांच्या दरम्यान उतारू नेऊं लागलें, आणि १९७१ सालीं एअर इंडियाचें 'सम्राट अशोक' मुंबईस उतरलें.

आतां निवडीचा मुख्य प्रश्न. विमान घेतांना कंपनी दोन खर्च निरनिराळे मोजते. एक, संपूर्ण फेरीचा खर्च. दुसरा, त्यास खुर्च्यांच्या संख्येनें भागून येणारा दर खुर्चीचा खर्च. विमान जितकें मोठें, तितका दुसरा आंकडा सामान्यतः लहान होतो. पण पहिला वाढतो. लग्नाचें मोठें पातेलें चुलीवर चढविलें कीं सरपण जवळजवळ तितकेंच जळतें, मग आंत चाळीस पानांचा भात असो वा चौघांचा. घरांत रोज चाळीस पानें उठत असतील तरच तें पातेलें स्वस्त पडतें.

एअरबस ए-३८० ह्या दुमजली विमानाचा इतिहास म्हणजे ह्याच पातेल्याची गोष्ट आहे. ऑक्टोबर २००७ मध्यें सिंगापूर एअरलाइन्सनें तें सिंगापूर ते सिडनी ह्या मार्गावर प्रथम चालविलें. तें भरलें कीं खर्चास परवडे. परंतु बारा महिने भरेल असे मार्ग जगांत थोडे. शिवाय व्यापारी माणसास दिवसांतून एक प्रचंड विमान नको असतें. सकाळीं एक व रात्रीं एक, अशीं दोन मध्यम विमानें त्यास अधिक सोयीचीं. एकूण २५१ ए-३८० विमानें कंपन्यांच्या हातीं गेलीं. त्यांपैकीं १२३ एकट्या दुबईच्या एमिरेट्सनें घेतलीं, आणि डिसेंबर २०२१ मध्यें शेवटचें विमान देऊन कारखान्यानें हें काम बंद केलें. एमिरेट्सला तें मानवलें ह्याचें कारण दुबईचें स्थान. युरोप, आफ्रिका, भारत व ऑस्ट्रेलिया येथील माणसें तेथें एकत्र येतात व पुन्हां पांगतात. एका मार्गाची उणीव दुसरा भरून काढतो. मुंबईस हें विमान २०१४ सालीं येऊं लागलें. मुंबईच्या दोन धावपट्ट्या परस्परांस छेदतात, म्हणून दोन्हींवर एकाच वेळीं स्वतंत्रपणें विमानें उतरवितां येत नाहींत. जेथें उतरण्याची वेळच दुर्मिळ, तेथें एका फेरींत अधिक माणसें आणणाऱ्या विमानाची किंमत वाढते.

विमानाच्या पोटांतील माल हा तिसरा विचार. उतारूंच्या पायांखालीं त्यांच्या पेट्यांबरोबर औषधें, टपाल, ताजी भाजी आणि मोसमांत हापूस आंबेही प्रवास करीत असतात. ए-३८० मध्यें मालाचीं ठराविक मापाचीं पेटारें ३८ राहतात. त्याहून पुष्कळ लहान अशा बोइंग ७७७-३००ईआर मध्यें ४४ राहतात. त्यांतही ए-३८० मध्यें माणसें अधिक म्हणून त्यांचें सामानही अधिक. विकण्याजोगी जागा आणखी कमी. पुष्कळ कंपन्यांचा कौल ७७७ च्या बाजूनें पडला, त्यांत ह्या हिशेबाचा वांटा मोठा आहे.

चौथा विचार अंतराचा. दूर जावयाचें तर इंधन अधिक हवें. आणि तें इंधन वाहण्यासही इंधन जळतें. अधिक वजनाच्या सुमारें तीन ते चार टक्के इतकें इंधन दर तासास केवळ तें वजन वाहण्यांत जातें. म्हणजे शंभर किलो अधिक घेऊन दहा तास उडाल्यास तीस ते चाळीस किलो इंधन गेलें. म्हणून अतिदूरच्या मार्गावर खुर्च्या कमी कराव्या लागतात. सिंगापूर एअरलाइन्सनें ऑक्टोबर २०१८ मध्यें सिंगापूरहून न्यूयॉर्कलगतच्या न्यूअर्क येथें न थांबतां जाणारी सेवा सुरू केली. प्रवास सुमारें एकोणीस तासांचा. तिच्या नेहमींच्या दूर पल्ल्याच्या ए-३५० विमानांत २५३ खुर्च्या असत. ह्या विमानांत १६१ च मांडल्या. ६७ बिझनेस वर्गाच्या, ९४ प्रीमियम इकॉनॉमीच्या, साध्या वर्गाची एकही नाहीं. थोडीं माणसें, पण भाडें भारी. हाच त्या मार्गावर टिकण्याचा उपाय.

इंजिनांच्या बाबतींत मात्र काळानें निकाल दिला आहे. अमेरिकेंतील १९५३ च्या नियमाप्रमाणें दोन इंजिनांच्या विमानास एका इंजिनावर साठ मिनिटांत एखादा विमानतळ गांठतां येईल, अशाच वाटेनें जावें लागे. समुद्र ओलांडण्यास तीन वा चार इंजिनें हवींत. पुढें इंजिनें भरवशाचीं झालीं आणि १९८५ सालीं ही मर्यादा १२० मिनिटांवर, १९८८ सालीं १८० मिनिटांवर गेली. दोन इंजिनांत काम भागूं लागल्यावर चारांस इंधन घालणें व चारांची निगा राखणें कोण पत्करणार? विमानतळाची जागाही पाहावी लागते. ए-३८० चे पंख टोंकापासून टोंकापर्यंत सुमारें २६२ फूट; तितकी जागा सर्वत्र नसते. बोइंग ७७७-९ च्या आराखड्यांत तर पंखांचीं टोंकें जमिनीवर दुमडून घेण्याची योजना आहे, ती एवढ्याचसाठीं.

येथवर झाली विमानाची निवड. आतां आंतील मांडणी. दोन-चार-दोन अशा आठ खुर्च्यांच्या रांगेंत दोन माणसें खिडकीपाशीं, चार वाटेलगत, आणि दोघांनाच ना खिडकी ना वाट. तीन-तीन-तीन केलें कीं असे अभागी तीन होतात. तीन-चार-तीन केलें कीं चार. म्हणजे आठांवरून दहांवर जातांना लाभलेलीं दोन्ही आसनें गैरसोयीचीं. पण कंपनीचा लाभ पाहा. साध्या वर्गाच्या चोवीस रांगा आहेत असें धरलें, तर नवांच्या दहा केल्यानें चोवीस खुर्च्या वाढल्या. वैमानिक तेवढेच, विमानतळाचें भाडें तेंच, इंधन किंचित् अधिक. त्या चोवीस विकल्या गेल्या तर तें उत्पन्न बहुतेक निव्वळ नफा. बोइंग ७७७ हें १९९५ सालीं सेवेंत आलें तेव्हां बहुतेक कंपन्यांनीं रांगेंत नऊच खुर्च्या मांडल्या. पुढें पुष्कळांनीं दहा केल्या आणि खुर्चीची रुंदी सुमारें साडेअठरा इंचांवरून सतरा इंचांवर आली. बोइंग ७८७ ची कथा तशीच. आठांच्या ऐसपैस रांगेचें चित्र प्रारंभीं दाखविलें गेलें. बहुतेकांनीं नऊ मांडल्या. जपान एअरलाइन्सनें मात्र आठच ठेवल्या.

वर्गांची वांटणी हा ह्याच हिशेबाचा दुसरा भाग. पाठ पूर्ण टेकून निजतां येईल अशी खुर्ची बिझनेस वर्गांत ब्रिटिश एअरवेजनें २००० सालीं आणली, आणि हळूहळू इतरांसही तें करणें भाग पडलें. अशी शय्या साध्या वर्गाच्या कित्येक खुर्च्यांची जागा अडविते. म्हणून तिचें भाडें तितक्या पटींनीं यावें लागतें. एअर इंडियाचें ए-३५०-९०० जानेवारी २०२४ मध्यें सेवेंत रुजू झालें. त्यांत बिझनेस वर्गाच्या २८ जागा एक-दोन-एक अशा आहेत, म्हणजे प्रत्येकास वाट मोकळी. प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ दोन-चार-दोन, आणि साध्या वर्गाच्या २६४ तीन-तीन-तीन.

मग खुर्च्या किती वाढवाव्यात, ह्यास कांहीं मर्यादा? आहे, आणि ती प्राणांची आहे. निम्मीं दारें बंद, दिवे मालवलेले, अशा स्थितींत सर्व माणसें नव्वद सेकंदांत बाहेर पडलीं पाहिजेत, असा नियम आहे. ए-३८० ची ही कसोटी २६ मार्च २००६ रोजीं हॅम्बुर्ग येथें झाली. ८७३ माणसें ७८ सेकंदांत बाहेर आलीं. दर पन्नास खुर्च्यांस एक परिचारक हाही नियम; त्यामुळें २५१ वी खुर्ची मांडली कीं सहाव्या परिचारकाचा पगार आला. खुर्चीही साधी नव्हे. गुरुत्वाच्या सोळापट धक्का तिनें सोसावा लागतो. परंतु बाहेर पडण्याची वाट जितकी काटेकोरपणें मोजली जाते, तितकी आंत बसण्याची रुंदी मोजली जात नाहीं. ती बाजारावर सोपविलेली आहे.

आणि बाजार म्हणजे शेवटीं तिकीट घेणारा गृहस्थच. तो दोन कंपन्यांचीं भाडीं शेजारीं मांडून हजार रुपये कोठें वांचतात, तें पाहतो. रांगेंत आठ खुर्च्या कीं नऊ, हें क्वचितच विचारतो. कंपनीस हें पुरतें ठाऊक असतें. तो एक इंच कारखान्यानें कापला नाहीं, आणि एकट्या कंपनीनेंही नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपल्याकडे वडील माणसें सांगत आलीं. विमानाच्या प्रवाशानें तिकीट घेण्यापूर्वींच अंथरुणाची रुंदी विचारली, तरच पुढें पाय पसरण्यास जागा राहील.