दुर्गम भागातील परिचारिका आणि समूह पर्यवेक्षण

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, माणिकगडच्या डोंगराळ मुलखात जिवती तालुका वसलेला आहे. कोलाम, गोंड आदी समाजांचे गुडे येथे दूरदूर विखुरलेले आहेत. आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असा शासकीय निकष आहे. मैदानी भागात हाच आकडा ५,००० आहे. लोकसंख्या कमी धरली, तरी अंतरे कमी होत नाहीत. अडलेल्या बाळंतिणीबाबतचा निर्णय पुष्कळदा उपकेंद्रातील परिचारिकेला एकटीलाच घ्यावा लागतो.

पर्यवेक्षण म्हटले की नोंदवह्यांची तपासणी आणि उद्दिष्टांचे आकडे डोळ्यांपुढे येतात. ते आवश्यकच आहे. परंतु तेवढ्याने कौशल्य वाढत नाही. ब्रिटनमधील ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८० च्या दशकात पर्यवेक्षणाची तीन कार्ये मांडली : कामाचा दर्जा राखणे, ज्ञान वाढविणे आणि काम करणाऱ्याला मानसिक आधार देणे. पुढे परिचर्येच्या क्षेत्रातही ही मांडणी स्वीकारली गेली.

समूह पर्यवेक्षणात ही तिन्ही कार्ये एकत्र साधतात. त्याची पद्धत सोपी आहे. पाच-सहा परिचारिका ठरावीक दिवशी एकत्र बसतात. एकजण आपल्याकडील एखादा अवघड प्रसंग मांडते. उदाहरणार्थ, प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबेना, तेव्हा प्रथम काय केले, वाहन केव्हा बोलाविले, घरच्यांना त्यांच्या बोलीत कसे समजाविले? इतरजणी प्रश्न विचारतात, स्वतःचा अनुभव सांगतात. दोषारोप करावयाचा नाही, रुग्णाचे नाव बाहेर जाऊ द्यावयाचे नाही आणि ठरलेली सुधारणा पुढील बैठकीत पडताळावयाची, हे तीन नियम मात्र कटाक्षाने पाळावे लागतात.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण आणि त्यामागोमाग नियमित पर्यवेक्षण, ही या यशाची एक महत्त्वाची बाजू होती.

सहा उपकेंद्रांमागे एक आरोग्य साहाय्यिका हा निकष पूर्वीपासूनच आहे. म्हणजे समूह तयारच आहे. त्यासाठी नवे पद नको. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक सभेतील एक तास आकड्यांऐवजी अशा चर्चेस राखून ठेवणे अधिकाऱ्यांच्या हाती आहे. त्या दिवशी परिचारिका गावात नसली, तर तिच्या अनुपस्थितीचे कारण ग्रामस्थांना समजावून सांगणे पंचायत सदस्यांच्या व शिक्षकांच्या हाती आहे. परिचारिकेच्या शिकण्यात गावातील मातेची सुरक्षितता सामावलेली आहे.