मध्येच विझणारा दिवा

मंडळी, २०२४ च्या पावसाळ्यात रात्रीच्या ड्रोननी आपल्या जुन्नर-आंबेगावची झोप उडवली होती, आठवतंय ना? गावोगाव पोरं गस्त घालत होती. ते दिवे कशाचे होते, त्यात मी आज शिरणार नाही. पण आकाशात हलणारा दिवा दिसला तर ओळखायची एक खूण तरी हाताशी असावी, म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबद्दल बोलतो.

ड्रोनचे दिवे रंगीत, लुकलुकणारे. तो एका जागी थांबतो, वळतो, जवळ असला तर घरघरतो. विमानाचेही दिवे मिचमिचतात. स्थानक यातलं काही करत नाही. पश्चिमेच्या बाजूनं वर येतं, पूर्वेकडे जातं. पांढरं, कधी शुक्राइतकं ठळक, आणि फार तर सहा मिनिटांत कारभार आटोपतो. आवाज येणार कुठून? जुन्नरहून पणजी सरळ रेषेत जेवढी लांब, साधारण तेवढं ते वर असतं. बघायला खोडदची तबकडी नको, दुर्बीणही नको.

माणूस दचकतो तो शेवटाला. ढग नाही, काही नाही, आणि भर आकाशात दिवा फिका पडत पडत गायब! पडलं की काय? १९७९ साली स्कायलॅब पडणार म्हणून केवढी भीती पसरली होती, ते इथल्या ज्येष्ठांना विचारा.

तर, पडलेलं काही नसतं. आपल्याला दिसतो तो त्याचा स्वतःचा दिवा नव्हेच, ते ऊन आहे. संध्याकाळी शिवनेरीच्या माथ्यावर ऊन असतं आणि खाली गावात सावली उतरलेली असते ना, तसंच. फक्त इथे माथा चारशे किलोमीटरवर आहे. डोक्यावर तेवढ्या उंचीला सूर्यास्तानंतर सव्वा ते दीड तास ऊन टिकतं. मग स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरतं, की दिवा गेला. मध्यरात्री ते आपल्यावरून गेलं तरी दिसत नाही ते यामुळेच. पहाटे उलटं: काळ्या आकाशात एकदम उजळतं.

चारशे किलोमीटर माझ्या शब्दावर मानू नका, मोजा. एक जण जुन्नरला, एक मंचरला. मोबाईल स्टँडवर लावून, जास्त वेळ उघडा ठेवून, दोघांनी एकाच फेरीचा फोटो घ्यायचा. वेळ नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’वर मिळते. जागा मात्र गच्चीची. उसाच्या कडेला अंधारात वर बघत उभं राहायचं नाही. बिबट्याचं तुम्हाला मी काय सांगणार!

नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, डोक्यावरून जाणारी फेरी निवडा. वायव्येकडून आग्नेयेला जाणारी नको, ती बरीचशी जुन्नर-मंचर याच दिशेनं जाते, मग फरक फार थोडा पडतो. आपल्या फेरीला आडवं मोजलं तर दोन गावांत साधारण वीस किलोमीटर भरतात. दोन्ही फोटोंत तारे तेच, पण स्थानकाची रेघ सरकलेली दिसेल: पाच-साडेपाच पौर्णिमेचे चंद्र ओळीनं मावतील एवढी. चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे झाले पावणेतीन अंश. आता वीस गुणिले सत्तावन्न, भागिले पावणेतीन. कोणाकडे मोबाईल आहे, करा बरं. ...हां, चारशे चौदा.